बाळंतिणीच्या ताटात काळे तीळ

माझी सून तैवानची आहे. हे वाक्य मी आमच्या कंग्राळी गावात इतक्यांदा ऐकवलंय की आता ते तोंडातून निघतं तेच भांडायच्या सुरात. चीनची नव्हे, नेपाळची नव्हे, मणिपूरची तर नव्हेच. तैवान नावाचं एक बेट आहे. तिथं भात पिकतो, ऊस पिकतो, माणसं सकाळी कामाला जातात आणि भूक लागली की जेवतात. आणखी काय सांगायचं असतं एखाद्या देशाबद्दल?

मुलगा शिकायला तिकडं गेला, तिथंच नोकरीला लागला आणि परत आला तो जोडीनं आला. जवळच्या मच्छे गावातल्या कारखान्यांत तैवानची मशिनं आहेत, ती बिघडली की हा दुरुस्त करतो. पोरगी वर्षभर आमच्यात राहिली. मराठी माझ्याच तोंडून शिकली, त्यामुळं तिला सगळंच 'लई' असतं. भाकरी वाकडी थापते, पण थापते. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. पण डॉक्टर म्हणाले विमानप्रवास नको, म्हणून तिच्या आईनंच इकडं यायचं ठरवलं. आईचा व्हिसा काही वेळेत आला नाही आणि नात मात्र वेळेआधी आली. त्यामुळं पहिला आठवडाभर पोरगी आमच्या ताब्यात होती.

आमच्या म्हणजे आक्कांच्या. आक्का माझी थोरली जाऊ. भिंतीला भिंत लागून त्यांचं घर. भावकीत कुणी बाळंत झालं की आक्कांना बोलावणं जातं. बाळाला न्हाऊ त्या घालणार, बाळंतिणीचं पोट त्या बांधणार, काय खायचं न् काय नाही ते त्या सांगणार, बारशाला पाळणा त्याच म्हणणार. त्यांच्या हातात गुण आहे, हे मी आजही म्हणते. माझाही मुलगा त्यांच्याच पायांवर न्हाऊन वाढला. त्यांच्यापुढं मी उभ्या आयुष्यात ब्र काढला नव्हता.

तर आक्कांनी सांगितलं तसं सगळं मी केलं. कणकेचा शिरा, डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, तूप घातलेला मऊ भात. पोरगी दोन घास खायची आणि तिसऱ्या घासाला तिचे डोळे भरायचे. त्यांच्याकडं गोड म्हणजे जिभेला कळेल न कळेल इतकंच. आमचा शिरा म्हणजे तिला शिक्षाच. ती नको म्हणाली की आक्का म्हणायच्या, सगळ्याच बाळंतिणी नको म्हणतात, तू भरव. मी भरवत होते. आता लाज वाटते, पण भरवत होते.

सहाव्या दिवशी दवाखान्यात बाळाचं वजन केलं, ते घटलं होतं. डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडंच रोखून बघितलं. म्हणाल्या, हिच्या पोटात काही जातंय का? आई नीट जेवत नसेल तर दूध कुठून येणार? चार दिवस बघा, नाहीतर डब्याचं सुरू करू. रिक्षात पोरगी बाळाला छातीशी धरून बसली होती. मला म्हणाली, "आई, मला माझ्या आईच्या हातचं पाहिजे. लई पाहिजे."

आठव्या दिवशी विहीणबाई आल्या. चणीनं माझ्याहून बारीक, केस कापलेले, अंगात पँट. आल्या आल्या कोपरापर्यंत हात धुतले आणि मगच नातीला घेतलं. बाळंतिणीच्या खोलीत गेल्या आणि उघडी असलेली एकुलती एक खिडकी लावून घेतली. मी तेच करायला निघाले होते. मग कळलं की थंड पाणी नाही, वारा नाही, डोक्यावरून आंघोळ नाही, कान बांधलेले पाहिजेत, हे सगळं त्यांच्याकडंही अस्संच आहे. एक शब्द कळत नव्हता एकमेकींचा, पण पोरीच्या डोक्याचा रुमाल सुटला की आम्ही दोघी दोन्ही बाजूंनी धावायचो. पोरगी म्हणाली, आता मला दोन सासवा झाल्या.

त्यांच्या पेटीत कपडे थोडे आणि खायचंच जास्त. टॉवेलात गुंडाळलेल्या बाटल्या निघाल्या. एका जोडीत तांदळाची दारू. महिनाभर बाळंतिणीचं कालवण पाण्याऐवजी त्यात शिजवायचं. उकळून उकळून तिच्यातली नशा निघून जाते म्हणे. आमचे मालक कधी स्वयंपाकघराची पायरी चढत नाहीत, ते त्या दिवशी दोनदा येऊन काही मदत पाहिजे का विचारून गेले. दुसऱ्या बाटल्यांत काळंभोर तेल. कशाचं गं, म्हणून मी पोरीला विचारलं. ती म्हणाली, काळ्या तिळाचं. वर काळ्या तिळांचीच एक पुडी.

काळे तीळ आमच्या घरात शेवटचे आणले होते ते सासऱ्यांच्या दहाव्याला. पिंडावर घालतात ते तीळ, बारसं न झालेल्या लेकराच्या घरात? खरं सांगते, मला भीती वाटली. कुणाला बोलले नाही. बाटल्या पिठाच्या डब्यामागं नेऊन ठेवल्या आणि देवाला हात जोडले, की मला काय ते कळत नाही, तूच बघ.

दुसऱ्या दिवशी विहीणबाईंनी त्या बाटल्या शोधून काढल्या. आलं सालीसकट कापलं, त्या तेलात मंद आचेवर घातलं आणि अर्धा तास त्याच्याशेजारी उभ्या राहिल्या. चकत्यांच्या कडा वाळून वळल्या, तेव्हा गावठी कोंबडी टाकली. मग दारू ओतली. पाण्याचा थेंब नाही. मीठही नाही. मला वाटलं, बाई नवख्या घरात गोंधळली, मीठ विसरली. त्यांची पाठ वळली तशी मी आपली चिमूटभर, जराशी वर, टाकून मोकळी. त्यांनी चव घेतली, माझ्याकडं बघितलं आणि पातेलं उचलून बाजूला ठेवलं. बाळंतिणीला मीठ चालत नाही त्यांच्यात. पुन्हा आलं कापण्यापासून सुरुवात. आतून पोरगी हसायला लागली, नऊ दिवसांत पहिल्यांदा. ते खारं पातेलं मालकांनी एकट्यानं संपवलं आणि दुसऱ्या दिवशी मला हळूच विचारलं, आज मीठ पडलं का?

पोरीनं वाडगा दोन्ही हातांनी धरला. आधी वास घेतला, मग प्यायली, मग हाडं चोखली. कुणी भरवलं नाही. आणखी आहे का, म्हणाली. संध्याकाळी बाळ दूध पिता पिताच झोपलं, तोंडातून ओघळ येईपर्यंत प्यालं होतं. आता ते तिळानं झालं का आल्यानं का पोटभर जेवल्यानं, ह्यावर मला कुणाशी वाद घालायचा नाही. ती जेवली, एवढं मी माझ्या डोळ्यांनी बघितलं.

विहीणबाई आल्यापासून बाळाला न्हाऊ त्याच घालत होत्या, म्हणून आक्का आल्या त्या थेट दहाव्या दिवशी. विहीणबाई तीळ भाजून ताटलीत निवत ठेवत होत्या. आक्कांची नजर ताटलीवर गेली आणि तिथंच राहिली. हे काय आहे, असं त्यांनी विचारलं, विहीणबाईंना नव्हे, मला.

मालक दारात होते. त्यांनी आक्कांच्या पाठीमागून मला खुणावलं आणि ओठांनीच सांगितलं, काराळं म्हण. काराळं आमच्याकडं घरोघरी. काळंच असतं, तेही भाजतात, त्याची चटणी भाकरीबरोबर रोज खातात. आक्कांना आताशा जवळचं नीट दिसत नाही. एक शब्द बोलले असते तर सगळं निभावलं असतं. बारसं थाटात झालं असतं, भावकी जेवून गेली असती.

शब्द जिभेवर आला होता. पण समोर विहीणबाई ताटली धरून उभ्या होत्या. आक्का पाहुण्या आहेत असं समजून त्यांनी ती थोडी पुढंही केली होती, घ्या म्हणून. त्यांच्या देखत त्यांच्या अन्नाचं नाव बदलू? आमच्या सीमाभागात पाटीवरचं गावाचं नाव बदललं तर माणसं रस्त्यावर येतात, आणि मी माझ्याच चुलीपुढं उभं राहून तेच करू? माझं डोकंच फिरलं.

"तीळ हायत आक्का," मी म्हटलं. "काळं तीळ. त्याच्याच तेलात कोंबडी शिजवलीया. पोरगी जेवतीया."

आक्का ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, बारा दिवसांच्या आत ज्या घरात काळे तीळ भाजले जातात त्या घरातल्या पाळण्याला मी हात लावणार नाही. एकतर ते बाहेर टाक, नाहीतर मला बोलवू नको. मी कोंबडीखालचा गॅस बंद केला नाही. त्या दोन मिनिटं थांबल्या, पदर सावरला आणि गेल्या. मालक दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मीही बोलले नाही. स्वयंपाक मात्र सगळ्यांचा चोख होत होता.

बारशाला अर्धी भावकी आली नाही. आल्या त्यांतल्या निम्म्या बघायला आल्या होत्या. पाळणा म्हणायची वेळ आली आणि सगळ्या एकमेकींकडं बघायला लागल्या. आजवर तो आक्काच म्हणत आल्या होत्या, दुसऱ्या कुणी पाठ करायची गरजच पडली नव्हती. मग मीच सुरू केला. तीन कडव्यांनंतर विसरले, पहिलं परत म्हटलं, आवाज फाटला. एकजण पदराआड हसली. हसू दे. नात पाळण्यात डोळे उघडे टाकून बघत होती, गाल वर आले होते तिचे.

महिना भरला तेव्हा विहीणबाईंनी त्यांची रीत केली. त्यांच्यात बाळाचा महिना झाला की त्याच तिळाच्या तेलात चिकट तांदळाचा परतलेला भात करतात, त्यात अळंब्या घालतात, आणि त्याबरोबर लाल रंगवलेलं अंडं देतात, नात्यात आणि शेजारीपाजारी. मी डबे भरले आणि गल्लीत वाटत सुटले. कुणी हसून घेतला, कुणी दारातच ठेव म्हटलं. शेवटचा डबा घेऊन आक्कांच्या घरी गेले. मालक म्हणाले, जाऊ नको. मी म्हटलं, जाणार.

आक्का सोप्यात बसल्या होत्या. डब्याकडं बघून विचारलं, तेच तेल आहे नव्हं? मी म्हटलं, तेच. त्यांनी तोंड फिरवलं. आणि माझ्या तोंडून जे निघालं ते मी ठरवून आणलं नव्हतं.

"आक्का, माझ्या बाळंतपणाला मला सुकट खायची होती. भाजलेली, नुसती, भाताबरोबर. माझं म्हायेर घाटाखालच्या गावातलं, आई मेलेली, तुमीच माझं बाळंतपण केलासा. सव्वा महिना मी शिरा गिळलो आन रडलो. मला काय पायजे ते तुमी एकदा तरी इचारलासा?"

आक्कांनी माझ्याकडं बघितलं. त्यांना खरंच आश्चर्य वाटलं होतं.

"तू मागितलीस कुठं?" त्या म्हणाल्या.

"मागायचं असतंय, हे मला कुणी सांगितलंतं? त्या पोरीनं मागितलं. म्हणून मी दिलं. उद्या परत मागितलं तर परत देणार."

मी डबा खाली ठेवला. तेवढ्यात आतल्या दारात त्यांची सून येऊन उभी राहिली. चिकोडीकडची पोर, दुसऱ्या खेपेची, सातवा महिना चाललेला. पहिल्या खेपेला माहेरी होती, आता बाळंतपण इथंच व्हायचं होतं, आक्कांच्या हाताखाली. कन्नड घरातून आलेली, आमच्यात फारशी बोलत नाही. तिनं सगळं ऐकलं होतं. चौकट घट्ट धरून ती जमिनीकडं बघत सासूला म्हणाली, "आत्ती, मला ह्या खेपेला आंबील लागंल. आत्ताच सांगून ठेवते."

आंबट. बाळंतिणीला. मी आक्कांच्या तोंडाकडं बघितलं, की आता ह्या पोरीची काय गत होते. गरज पडली तर मध्ये पडायची माझी तयारी होती.  आक्कांनी मान वर न करता विचारलं,

"ताक घालून, का बिनताकाची?"

मला आनंद व्हायला पाहिजे होता. आधी आला तो रागच. एवढंच तर विचारायचं होतं हो आक्का, माझ्या वेळेला.