दोन जागा मोडून एक मास्तर

"मास्तर, साहेबांच्या हातावर पाणी घाला."

तपासणीला आलेले साहेब जेवून उठले होते. ओट्याखाली मुलं ओळीत उभी. बाजूला दुसरे मास्तर होते, पण हेडमास्तरांनी मलाच हाक मारली. मी तांब्या उचलला. धार चुकली आणि पाणी साहेबांच्या बुटावर सांडलं.

"खुळ्यावाणी काय करायलाव?" हेडमास्तर म्हणाले. "पगार पाणीवालीच्या जागेचा खाताव की. मग लाज कामून वाटायलीय?"

साहेब हसले. मास्तर हसले. म्हणून मुलंही हसली.

चिंताकीला मी मराठी शाळेत मास्तर होतो. ती बंद झाली आणि मी जादा ठरलो. काढून टाकलं नाही. बिदरला, नौबादच्या शाळेत पाठवलं. तिथं मास्तरची जागा मोकळी नव्हती आणि वरून नवा पैसा येणार नव्हता. माझा पगार त्या शाळेनं आपल्याच खर्चात बसवावा, असा हुकूम. मग पाणी भरणारी नागव्वा आणि झाडलोट करणारा तिचा नवरा, दोघांच्या जागा मोडल्या. त्यातून एक मास्तर उभा केला. वर्ग मात्र दिला नाही. झाडू दिला. घागर दिली.

नागव्वा तरी यायचीच. विहिरीवर माझ्या हातातला दोर घ्यायची.

"अप्पा, तुम्हाला पाणी वढता येईना, मला शिकवता येईना. सरकारानं चांगली अदलाबदल केली बघा."

तिच्या घरी चूल पेटत नव्हती. माझ्या घरी पेटत होती, आणि ती कशावर हे मला ठाऊक होतं. पगार सोडला तर माझी लेकरं उपाशी. घेतला तर ती दोघं म्हातारी. डोक्यात दुसरा विचारच नव्हता. पुस्तक उघडलं तरी ओळ पुढं सरकत नसे.

उन्हाळ्यात नागव्वा गेली. ताप आला होता, एवढंच तिच्या नवऱ्यानं सांगितलं. उपाशी अंगाला ताप पुरतो. मी मातीला गेलो. दुसऱ्या दिवशी शाळेत आलो.

"सुटली म्हातारी," हेडमास्तर म्हणाले. "आता पाणी भरा तुमचं तुम्ही."

"भरणार नाही. मला वर्ग द्या."

"वर्ग न्हाई. नाव कमी करतो."

"करा. आणि तिच्या नवऱ्याला कामावर परत घ्या."

माझं नाव त्याच दिवशी कमी झालं. त्याला घेतलं नाही.

बायको-लेकरं मन्नाएखेळ्ळीला सासऱ्यांकडे धाडली आहेत. तिथं किती दिवस ठेवून घेतील, माहीत नाही. मी नागव्वाच्या गल्लीत राहतो. तिथल्या एकाही पोराला अक्षर येत नाही. खासगी शाळेला सरकारची परवानगी लागते. मिळणार नाही, म्हणून मी मागणार नाही. उद्या सकाळी त्या पोरांना शिकवायला घेऊन बसणार आहे. पोलीस उठवायला आले तर पलीकडच्या गल्लीत बसेन. तिथून उठवलं तर पकडून न्यावं लागेल.