हसायचं नाही, मामा

कोंडीबामामाचा चेहरा तुम्ही कुठं ना कुठं पाहिला असेल. एखाद्या हॉटेलच्या भिंतीवर, कॅलेंडरावर, नाहीतर परदेशात छापलेल्या एखाद्या जाडजूड पुस्तकात. पांढऱ्या मिशा, मळकं मुंडासं, कपाळावर आठ्या, डोळ्यांत आता पाणी येईल की मग अशी अवस्था. खाली काहीतरी जड नाव: 'प्रतीक्षा', 'तहानलेली माती', 'भारताचा चेहरा'. पाहून तुम्ही हळहळला असाल. उगाच हळहळलात. तो माणूस तसा नव्हताच.

माझं सोलापुरात फोटो फ्रेमचं दुकान आहे. पलीकडच्या गल्लीत चित्रकलेचे वर्ग चालतात, तिथं मामा वॉचमन होता. मूळचा सांगोल्याकडचा मेंढपाळ. पाठोपाठच्या कोरड्या वर्षांत मेंढरं विकली आणि मुलामागोमाग, अमृतमागोमाग, इकडं आला. अमृत टॉवेलच्या कारखान्यात कामाला आणि घर शहराबाहेर कुंभारीला. दुपारी मामा डबा घेऊन माझ्या दुकानात यायचा आणि भिंतीवरच्या हार घातलेल्या मंडळींकडं बघत जेवायचा. "महेश्वरा, तुझं गिऱ्हाईक मेल्याबिगर येतच न्हाय की रं," म्हणायचा, आणि आपल्याच बोलण्यावर मांडी थोपटत हसायचा. पुढचे दोन दात पडलेले. हसताना डोळे पार गडप व्हायचे. त्याच्या हसण्यानं शेजारचा चहावाला पातेलं सोडून डोकवायचा. दिवसभराचा माझा कंटाळा तेवढ्यात उतरायचा.

एकदा वर्गासाठी ठरलेला माणूस आला नाही, म्हणून तिथल्या सरांनी मामालाच स्टुलावर बसवलं. चित्र अर्धं राहिलं. उद्या परत बसा म्हणाले. आता फोटो म्हणा, चित्र म्हणा, आपल्याकडं माणूस त्यासाठी नटून बसतो. असेल त्यातलं चांगलं घालतो, केस विंचरतो. मामाही दुसऱ्या दिवशी मिशीला तेल लावून, परीटघडीचं धोतर आणि गुलाबी फेटा घालून आला. सरांनी त्याला आल्या पावली परत पाठवलं. कालचं मळकं मुंडासंच बांधून या म्हणाले. तसा आल्यावर चष्मा काढायला लावला. मग म्हणाले, "आणि हसायचं नाही, मामा."

पुढं हे वाक्य त्यानं किती जणांच्या तोंडून ऐकलं त्याला गणती नाही. चित्रकार पुण्याहून आले, कॅमेरेवाले दिल्लीहून आले, एक बाई कुठल्याशा थंड देशातून आली. प्रत्येकाला खरा भारत हवा होता आणि तो म्हणे मामाच्या सुरकुत्यांत होता. त्या बाईनं त्याला नांगरटीत उभं करून हातात विळा दिला. उभ्या जन्मात शेती न केलेला माणूस! वर दुभाष्याकरवी सांगितलं, काहीतरी दुःखाचं आठवा. मामानं असा काही चेहरा केला की बाईच्याच डोळ्यांत पाणी आलं.

"काय आठवलंस रे?" मी नंतर विचारलं.

"म्हनलं, हिनं घरी जेवाया बोलावलं तर ही काय वाढंल? लगीच तोंड पडलं बघ."

मला मात्र त्या लोकांचा राग यायचा, अजून येतो. दुष्काळ बघितलेला माणूसही दिवसातून पन्नास वेळा हसतो, हे ह्यांना कुणी सांगितलं नव्हतं का? चष्म्यातला, चेष्टेखोर, शेंगाचटणी चापून ढेकर देणारा म्हातारा ह्यांच्या भारतात बसत नव्हता. मी बोललो तर मामा मलाच गप्प करायचा. "बसून ऱ्हायचं पैसं देत्यात की! मेंढरामागं पळताना कोन देत हुतं?"

पण त्या बसण्यानं एक विपरीत घडलं. कॅमेरा म्हटलं की हसायचं नाही, हे त्याच्या अंगात मुरलं. अमृतच्या लग्नात सगळे ओळीनं उभे राहिले आणि फोटोवाला ओरडला, "आजोबा, हसा की!" मामा म्हणाला, "फोटूत हसलं की हजेरी कापत्यात, बाबा." सगळा मांडव हसला. त्या फोटोत वऱ्हाड मामाच्या विनोदावर खिदळतंय आणि मधोमध मामा मातीला जाऊन आल्यासारखा उभा आहे. मोबाईलचंही तेच. गप्पा ऐन रंगात असताना कुणी फोन वर केला की त्याचा चेहरा लाजाळूसारखा मिटायचा. फोन खाली गेला की परत उमलायचा. तेव्हा आम्हाला त्याची गंमत वाटायची.

मामा गेला तेव्हा अमृतची मुलगी, संस्कृती, नुकती बसायला शिकली होती. छातीत कळ आली आणि दवाखाना गाठेपर्यंत सगळं आटोपलं. तेराव्याआधी मामी, म्हाळसाबाई, अमृतला घेऊन माझ्या दुकानात आली. भिंतीवर लावायला फोटो हवा होता. आम्ही अमृतचा फोन धुंडाळला, पाहुण्यांचे धुंडाळले, वर्गातल्या पोरांकडून फोटो मागवले. जिकडंतिकडं तो रडवा म्हातारा.

"मला ह्यो नगं," मामी म्हणाली. "ह्यो मानूस माझ्या घरात कवाच ऱ्हात न्हवता."

अमृत म्हणाला, "आई, बापूच हाय की त्यो."

"तुझा बापू असा हुता व्हय? लोक म्हनत्याल, म्हाळसानं उपाशी ठिवला. जलमभर करून घातलं की रं म्या!"

मी ओळखीच्या पोराकडून संगणकावर त्याच फोटोत हसू बसवून घेतलं. त्यानं मामाला बत्तिशी दिली, एकदम शिस्तीत. मामीनं ते पाहिलं आणि पदर तोंडाला लावून बाहेर पायरीवर जाऊन बसली. पडलेले दोन दात तिला तसेच हवे होते.

शेवटी मला अनिलकुमार आठवले. सोलापुरातलेच चित्रकार, मामाला त्यांनी पुष्कळदा बसवलेलं. मी मामीला घेऊन त्यांच्याकडं गेलो. हसरं चित्र म्हटल्यावर ते हातातला ब्रश पुसत राहिले.

"काढलं होतं," मग म्हणाले. "सगळ्यात पहिलं तेच. मामा चहा पिताना हसत होते, तसं. प्रदर्शनात लावलं, तर लोक म्हणाले, हे जाहिरातीसारखं वाटतंय, खेड्यातला माणूस वाटत नाही. वर्षभर पडून राहिलं. मग त्याच कॅनव्हासवर दुसरं काढलं."

दुसरं म्हणजे 'प्रतीक्षा'. ते आतल्या खोलीत भिंतीला टेकवून ठेवलेलं होतं. मामीनं जाऊन त्या चित्राच्या गालावर हात ठेवला.

"ह्याच्या खाली हाईत व्हय ते?"

"आहेत."

"मग वरचं काडा की."

"नाही निघत, आजी. वरचं काढायला गेलं तर खालचंही जाईल." ते खालमानेनं बोलत होते. माणूस वाईट नव्हता. पैसे न घेता त्यांनी चित्र तिला देऊन टाकलं. मी त्याला चांगल्यातली फ्रेम करून दिली, काच मात्र लावली नाही. मामीला हात लावता यायला हवा होता.

कुंभारीच्या घरात ते चित्र लागलं. येणाऱ्याजाणाऱ्याला मामी सांगायची, "वरवर तसं दिसतंय. आत हसत्यात ते." लोक मान हलवायचे आणि चहा पिऊन जायचे. मला वाटलं, बाईला आधार मिळाला. मीही हळूहळू ते विसरलो.

पुढचं अमृतनं सांगितलेलं. पितृपक्षात मामाच्या नावानं पान वाढलं होतं. संस्कृती आता चालती-बोलती झालेली. ती आपल्या ताटलीतला भाकरीचा तुकडा घेऊन चित्रासमोर गेली, टाचा उंच केल्या आणि तुकडा चित्रातल्या तोंडाला लावू लागली. हात पोचेना. मागं वळून म्हणाली, "आज्जी, आजोबाला लई भूक लागलीया. तू देत न्हायस का त्यांला?"

पोरीचं काय चुकलं? तिला जे दाखवलं ते तिनं पाहिलं. सून हसण्यावारी नेऊ लागली. सगळ्यांची जेवणं झाली, मामीनं मात्र घास घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी अमृतचा फोन आला, "महेश्वरदादा, येऊन जावा. आईनं काय करून ठेवलंय बघा." मी दुकान न उघडता कुंभारीला गेलो. भिंतीवरून काढलेलं चित्र मामीच्या मांडीवर होतं. शेजारी भाजी चिरायची सुरी आणि पदरावर रंगाचा चुरा. घरात कुणी नसताना तिनं 'प्रतीक्षा'चं तोंड खरवडलं होतं. मिशीखाली बोटाएवढी जागा कोरी पडली होती, आणि एका जागी तर कापडाचे दोरे वर आले होते.

मी खाली बसलो. रागावू कुणावर, मामीवर?

"दिसलं हुतं रं," ती म्हणाली. "वरचा काळा रंग निघाला, मग तांबडं दिसलं वाईच. मग पांढरं. पांढरं दिसलं म्हनून आजून जोर लावला, आन् मग कापडच आलं. महेश्वरा, तुला ह्यातलं कळतंय. ते पांढरं काय हुतं? त्यांचं दात हुतं व्हय?"

कॅनव्हासवर चित्र काढण्याआधी पांढऱ्या रंगाचा एक हात मारतात. ते पांढरं बहुधा तेच असणार, हे मला माहीत होतं. पण तिच्या तोंडाकडं बघून मला ते बोलवेना. तेवढाच तिला दिलासा, म्हणून मी म्हणालो, "व्हय मामी. दातच हुते."

तिनं त्या कोऱ्या जागेवर बोट ठेवलं.

"मग तितंच थांबाया पायजे हुतं म्या," म्हणाली, आणि मामा गेल्यापासून पहिल्यांदा मोठ्यानं रडली.