मल्हारीने सुधारलेली मंगलाष्टके

मंगळवार, १६ जानेवारी २०१८. थंडी कडक. नळाला पाणी उशिरा. सकाळी पंचवटीतून मल्हारी जेजुरकरचा फोन. मनीषाच्या लग्नाच्या कॅसेटमध्ये मोठा दोष निघाला म्हणतो. मंगलाष्टकांच्या वेळी कोणीतरी फार बेसूर ओरडत आहे. "काकू, टेन्शन घेऊ नका, मी ते साफ करून टाकतो." फोन ठेवला आणि लगेच परत लावला. लागत नाही. रिक्षाने पंचवटीस गेले.

डायरीत दिवसाला एकच पान असते आणि मल्हारी एका पानात मावणारा माणूस नाही. म्हणून वेगळे लिहिते आहे.

मल्हारी मूळचा मखमलाबादचा. घरची झेंडू-शेवंतीची शेती. पहाटे फुलांच्या टोपल्या बाजारात उतरवायच्या आणि डोळे चोळत पंचवटीच्या शाळेत यायचे. तिथे आमचे हे गणित शिकवत. चांदोरकर सर म्हटले की मुले वर्गाबाहेरूनच पाढे म्हणायला लागत. मल्हारी गणितात दोनदा नापास झाला, दोन्ही वेळा यांच्याच हातून. तिसऱ्या वेळेस त्याने यांना संधी दिली नाही. चुलतभावाने दुबईहून व्हिडिओ कॅमेरा आणला, मल्हारीने तो खांद्यावर घेतला आणि झेंडू कायमचा सोडला. बायकोच्या नावाने दिंडोरी नाक्याजवळ 'आशा व्हिडिओ' काढले. मेहुणा सावळीराम प्रखर दिवा धरायला सोबत. त्या दिव्यापुढे नवरीला घाम येई आणि आज्या डोळ्यांवर पदर घेत, त्यामुळे त्या काळच्या प्रत्येक लग्नात सगळ्या आज्या रडताना दिसतात.

पुढची पंधरा वर्षे नाशकात लग्ने मल्हारीने लावली. गुरुजी केवळ मदतीला असत. "गुरुजी, थांबा! अक्षता परत एकदा!" अशी त्याची आरोळी आली की मुहूर्तसुद्धा थांबे. हार घालणे तीनदा व्हायचे, कारण पहिल्या वेळी नवरदेवाचा फेटा आड यायचा आणि दुसऱ्या वेळी मामा. आमच्या ओळखीत अशी कित्येक जोडपी आहेत ज्यांचे एकमेकांशी तीनदा लग्न झाले आहे, आणि तरी पटत नाही. आहेराचे चित्रण तो एकही माणूस न गाळता करी. पाकीट देणारा हात, घेणारा हात, मग दोघांनी कॅमेऱ्याकडे बघायचे. नंतर लोक ती कॅसेट फक्त कोण आले नव्हते हे पाहायला लावत.

रामकुंडावर दहाव्याचेही काम तो घेई. तिथे एकदा कावळा पिंडाला शिवला तेव्हा उजेड कमी होता. मल्हारीने कावळ्याला पुन्हा एकदा शिवायला सांगितले. नाशकात मल्हारीचे न ऐकणारा तेवढा एकच जीव निघाला.

चित्रण झाले की तो कॅसेट 'सजवत' असे. नवरीचा चेहरा गुलाबात उमलायचा. नवरदेव एका बदामातून येऊन दुसऱ्या बदामातून जायचा. व्याही बर्फाच्या डोंगरापुढे सुपारी कातरताना दिसायचे. आणि मूळ आवाज काढून सगळ्यावर सिनेमाची गाणी. लोकांना ते आवडे. लग्न आपल्याच घरचे, पण जरा बरे दिसते आहे, असे वाटे.

आमच्या लेकीचे, मनीषाचे, लग्न १९९३ सालचे. यांनी स्वतः रचलेले मंगलाष्टक स्वतः म्हटले. रचना करायला दोन महिने घेतले होते. त्यात वधूवरांना त्यांनी दोन समांतर रेषांची उपमा दिली. समांतर रेषा कधी भेटत नाहीत, हे गणिताच्या शिक्षकाला लग्नाच्या घाईत सुचले नाही, आणि सांगण्याची हिंमत घरात कोणाला नव्हती. कॅसेट आली. सगळे कौतुकाने बसलो. पडद्यावर काळा कोट घातलेले आमचे हे गंभीरपणे कागद उघडतात, घसा खाकरतात, तोंड उघडतात, आणि आतून एक नायिका गाते. ती गात असताना हे मध्येच बोट उगारतात. पाहुणे हसून लोळले. हेही हसले. पुढे मात्र कोणी ती कॅसेट लावली की यांना बाहेर सायकलला कुलूप घातले की नाही ते बघायचे असे.

यांना जाऊन अकरा वर्षे झाली. फोटो पुष्कळ आहेत. शाळेतले, सहलीतले, सत्काराचे. आवाज मात्र एकही नाही. तो एकदाच नोंदला गेला होता आणि त्यावर मल्हारीने नायिका बसवली. हे मी कधीच सोडून दिले होते.

यंदा मनीषाच्या लग्नाला पंचवीस वर्षे होतात. ती बंगळुरात असते. तिने फोनवर फर्मावले, "आई, कॅसेटची डिस्क करून घे. पण क्वालिटी चांगली हवी हं. एचडी." घरची जुनी कॅसेट कपाटात बुरशीने पांढरी झाली होती. ती घेऊन मल्हारीकडे गेले. आता लग्ने त्याच्याकडे येत नाहीत. तरुण पोरे वरून उडणारे कॅमेरे घेऊन येतात. मल्हारी जुन्या कॅसेटच्या डिस्क करतो. दुकानावर पाटी आहे : 'ओरिजिनलपेक्षा ओरिजिनल क्वालिटी.' एचडी होईल का विचारले. म्हणाला, "एचडीच्या पुढचं करतो, काकू." पुढचे म्हणजे काय ते नमुन्यात दाखवले. कोणाच्या तरी लग्नाच्या वऱ्हाडातली यच्चयावत माणसे त्याने कॉम्प्युटरवर गोरी केली होती. सावळीरामसुद्धा.

"मनीषा सावळी आहे, सावळीच राहू दे," मी म्हटले.

"फुकट करून देतो, काकू."

"फुकटही नको."

तो खट्टू झाला. माणसाला बरे दिसायचे नसते, हे त्याला आजवर कोणी सांगितले नव्हते.

आणि आज तो फोन. कोणीतरी बेसूर ओरडत आहे, हे ऐकून मी प्रथम हो हो म्हटले. फोन ठेवल्यावर डोक्यात लख्ख झाले. मंगलाष्टकांच्या वेळी त्या मांडवात बेसूर ओरडणारा माणूस एकच होता. आणि मल्हारी त्याला साफ करणार होता.

तो काम करताना फोन बंद ठेवतो. मोठे कलावंत ठेवतात म्हणे. देवळाली कॅम्प ते पंचवटी, रिक्षावाल्याला दोनदा लवकर चल म्हटले. त्याने दोनदा मागे वळून माझे वय पाहिले आणि हळू केली.

दुकानात शिरले तर टेबलावर आमच्या कॅसेटच्या फितीचा काळा गुंता पडलेला. शेवयांसारखा. मागच्या खोलीत मल्हारी भाकरी खात बसला होता. समोर आशा उभी, हातात वाटी.

"अहो काकू! एवढ्या लांब कशाला आलात? मी डिस्क पोचवली असती ना."

"ते ओरडणं पुसलंस का?"

"नाय अजून. हिने जेवायला बसवलं. जेवण झालं की लगेच. दोन मिनिटांचं काम."

"पुसू नकोस."

मल्हारीचा घास हातातच राहिला. "असं कसं म्हणता? कॅसेट गेली आता, डेकने खाल्ली. कॉम्प्युटरमध्ये उतरलंय तेवढंच. त्यात असला आवाज ठेवला तर लोक काय म्हणतील?"

"कोण लोक, ओ?" आशा म्हणाली. "काकूंच्या घरी तुमची डिस्क बघायला जत्रा भरणार का?"

"तू गप. तुला क्वालिटीतलं काय कळतं?"

"तीस वर्षं तुमच्या दुकानाला माझं नाव आहे. थोडं कळायला लागलंय."

नायिकेचे ते गाणे गेले कुठे, असे मी विचारले. तेव्हा त्याने सांगितले, अगदी तक्रारीच्या सुरात. कॅसेटवर आवाजाला दोन वाटा असतात. गाणे त्याने भरले ते एका वाटेवर. दुसरीवर दुबईच्या कॅमेऱ्याने मांडवातला आवाज आधीच भरून ठेवला होता, तो तसाच राहिला. आमच्या घरच्या साध्या प्लेयरला ती दुसरी वाट ऐकू येत नसे. आता चांगल्या क्वालिटीसाठी त्याने मुंबईहून भारी डेक आणला, आणि त्या डेकने नेमकी तीच उचलली. "भारी मशीनला अक्कल नसते, काकू. जे आहे ते ऐकवतं."

"मल्हारी, ओरडणारा माणूस ओळखलास का?"

त्याने भाकरी ताटात ठेवली. "ओळखला ना. सरांचा आवाज मी झोपेत बी ओळखीन. म्हणून तर काढत होतो. तवा बी म्हणूनच काढला."

"म्हणजे?"

"सरांची अब्रू. एवढा हुशार माणूस, आख्खी पंचवटी वचकून असायची, अन् गायला लागले की... तुम्हाला राग येईल."

"येणार नाही. बोल."

"रिक्षा रिव्हर्स घेताना वाजते ना, तसं."

"अहो!" आशा ओरडली.

मला राग आला नाही. उपमा बरोबर होती.

"सरांच्या अब्रूचं मी बघते. तू लाव."

"लावतो. पण ऐकून झालं की पुसणार. असली डिस्क आशा व्हिडिओच्या नावाने बाहेर जाणार नाय."

"आधी लाव."

त्याने हात धुतले, खुर्ची ओढून दिली, टॉवेलने कॉम्प्युटरचा पडदा पुसला. कोट आला. कागद उघडला. घसा खाकरला. मग सुरू झाले. पहिली ओळ बरी होती. दुसरीत सूर सुटला तो शेवटपर्यंत परत भेटला नाही. पण शब्द एकेक सुटा, स्पष्ट, फळ्यावर लिहावा तसा. दोन समांतर रेषांपर्यंत आले आणि मागून दुसराच आवाज सुरू झाला, यांच्यापेक्षा मोठा. "ओ आजी, बाजूला व्हा! सावळ्या, लाईट वर घे! वर, वर! नवरी, मान इकडे! तुम्ही चालू ठेवा, सर!"

मल्हारी खुर्चीत चुळबुळला. आशा पडद्याच्या जवळ सरकली.

यांनी आणखी एक ओळ म्हटली. पुन्हा मागून, "लाईट! आरं लाईट!" आणि पडद्यावर ते बोट वर आले. ज्या बोटाला इतकी वर्षे लोक हसले ते बोट.

"मागे कोण बोलतंय?"

मांडव चिडीचूप. ताशासुद्धा वाजायचा थांबला. आणि त्या शांततेत, कॅमेरा खांद्यावर असलेल्या, लग्न होऊन दोन पोरांचा बाप झालेल्या माणसाचा बारीक आवाज आला.

"मी नाय, सर."

आशा भिंतीला टेकून खालीच बसली. पदर तोंडात कोंबला तरी हसू आवरेना. "मी नाय, सर! अहो, कॅमेरा तुमच्याच खांद्यावर होता ना!"

पडद्यावर यांनी "हं" केले, चष्मा सारखा केला आणि ज्या शब्दावर थांबले होते तिथूनच पुढे म्हणायला लागले. सूर अर्थात नव्हताच, त्यामुळे सोडला तिथून धरणे सोपे गेले.

"परत लाव," मी म्हटले.

त्याने परत लावले. या वेळी खाली बघत होता.

"काकू, सरांचं राहू देतो," शेवटी तो म्हणाला. "सगळं राहू देतो. माझं तेवढं काढतो. हे लाईट, आजी वगैरे. धंद्यातलं बोलणं आहे, डिस्कवर शोभत नाय."

"नाही."

"बरं, ते बी राहू द्या. ते एक शेवटचं..."

"ते तर राहिलंच पाहिजे. नाहीतर सर कोणावर ओरडले ते कळणार नाही."

"मनीषाताई बघतील. जावई बघतील."

"नातवंडंसुद्धा बघतील."

"काढा डिस्क," आशा म्हणाली. "नायतर सर परत येतील विचारायला."

मल्हारीने निमूटपणे डिस्क काढली. माझ्यासमोर एकदा लावून दाखवली. ताशा थांबतो तिथे त्याने आवाज कमी करायला हात नेला, आशाने त्या हातावर चापट मारली. मग वेष्टनावर लिहायला बसला. गुलाबांची चौकट असलेले वेष्टन त्याने आधीच छापून ठेवले होते, मनीषा आणि जावई एका बदामात. त्याखाली त्याने शाळेत कधी काढले नसेल इतके वळणदार अक्षर काढून लिहिले : 'आवाज ग्राहकाच्या आग्रहावरून खराब ठेवला आहे.' खाली सही आणि दुकानाचा शिक्का.

"हे कशाला?" मी विचारले.

"उद्या कोणी म्हणायला नको, मल्हारीची क्वालिटी घसरली."

मी रिक्षात बसल्यावर तो दारापर्यंत आला. म्हणाला, "काकू, सरांनी तवा खरंच ओळखलं नसेल का, मी होतो ते?" मी म्हटले, त्यांनी तुझे पेपर तपासले होते, तुझे खोटे ते लांबून ओळखत. तो मान हलवून आत गेला. समाधान झाले की नाही ते कळले नाही. बहुधा झाले असावे.

संध्याकाळी घरी डिस्क लावली. डायरीत आजच्या पानाच्या तळाशी जागा थोडी उरली होती. तिथे लिहिले : रात्रीचा भात खाली लागला. पातेले भिजत घातले आहे.