तिवरकाकूचा हट्ट

कुठेही कुऱ्हाडीचा आवाज आला की आमची काकू हातातलं काम टाकून तिकडे निघायची आणि तोडणाऱ्याला विचारायची, "त्याच्या मागं काय आहे ते बघितलंस का?" मग ती रस्त्याकडेची बाभूळ असो, नाहीतर आमच्याच परसातला वाळका शेवगा. तोडणारा बिचारा मागे वळून बघायचा. मागे बहुधा एखादी म्हैस असायची. आर्वीत आमचं घर या एका प्रश्नामुळे ओळखलं जाई आणि कॉलेजात जाणाऱ्या मला त्याची भयंकर चीड होती.

काकू कोकणातली, खाडीकाठची. तिचे मामा पुलगावला नोकरीला होते, त्यांनी हे लग्न जमवलं. या कापसाच्या मुलखात आल्या आल्या तिने सांगून टाकलं की तिच्या माहेरी खाऱ्या पाण्यात झाडं वाढतात. त्यांना तिवर म्हणतात, त्यांची मुळं श्वास घ्यायला चिखलातून वर येतात आणि पान चाटलं तर मीठ लागतं. हे ऐकून माझ्या वडिलांनी काकांकडे अशा नजरेने पाहिलं, की मुलगी बघताना नीट चौकशी केली होती ना. तेव्हापासून ती तिवरकाकू. तिला त्या नावाचा राग येत नसे, याचा आम्हाला आणखी राग यायचा.

जेवायला बसलं तरी सुटका नव्हती. ती ताटात भाताचा बांध घालायची. आतलं मोकळं ताट म्हणजे शेत आणि बाहेरचं वरण म्हणजे खाडी. बांधापुढे ती कोथिंबिरीच्या काड्या रोवायची, ते तिवर. लाटा आधी त्यांच्यावर आपटतात, तिथेच त्यांचा जोर जातो, मासे-कोळंबीची पिल्लं त्यांच्या मुळांत वाढतात, असं सगळं यायचं. मग ती काड्या उपटायची आणि ताट हलवायची. वरण बांध फोडून आत शिरायचं. असं तिने प्रत्येक पाहुण्याला दाखवलं आणि प्रत्येक पाहुणा गार वरण जेवून गेला.

पण पऱ्हाटीच्या मोळीने कहर केला. माहेरी चुलीसाठी तिवर तोडतात हे तिला सलत होतं आणि आमच्याकडे कापूस निघाला की पऱ्हाट्यांचे, म्हणजे कपाशीच्या वाळक्या झाडांचे, ढीग पडतात. एका वर्षी माहेरी जाताना तिने लाडवांच्या डब्यासोबत पऱ्हाटीची भली थोरली मोळी बांधून घेतली. ती एसटीच्या टपावर मला चढवावी लागली. काका डेपोतल्या चहाच्या टपरीमागे जाऊन उभे राहिले. कोकणात लाकडं नाहीत काय, असं कंडक्टरने सहज विचारलं आणि काकूने त्याला खाडी, बांध, तिवर सगळं समजावून सांगितलं. गाडी उशिरा सुटली. ती मोळी वर्ध्यालाच राहिली असं काका म्हणत. काकू म्हणे, पोचली आणि तिच्यावर भात शिजला. खरं काय ते कुणी विचारलं नाही.

काकूचे वडील वारले तेव्हा बांधापुढची तिवरांची पट्टी दोन्ही भाऊ आणि काकू यांच्या वाट्याला आली. भावांनी तिवर काढून तिथे कोळंबीची तळी करायचं ठरवलं. ते भाऊबीजेला आर्वीला आले. भावांची वाट बघण्यात काकूचं वर्ष जायचं. तिने ओवाळलं आणि मग थोरल्याने तिच्या सहीचा विषय काढला. तिने सरळ नाही म्हटलं. माझ्या वडिलांनी समजावलं, आईने समजावलं. काका तर भडकलेच.

"टाक ना सही," ते म्हणाले. "त्या चिखलापायी भावांले काऊन तोडून राह्यली?"

काकू भावांकडे बघत म्हणाली, "सही केली तर तुम्ही दर वर्षी याल, हे कळतं मला. पण बांध फुटला तर तुम्ही याल कुठून?"

"मग आमचं येणं विसर, ताई," थोरला म्हणाला आणि दोघे उठले. तिने डबा पुढे केला, तोही त्यांनी घेतला नाही.

पुढच्या भाऊबीजेपासून काकू अंगणात पाट मांडून चंद्राला ओवाळू लागली. ज्यांना भाऊ नाही त्या बायकांनी करायचं ते हिने दोन भाऊ जिवंत असताना करावं! शेजारच्या बाया बघायच्या आणि आम्हाला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. एक सही, बाई, एक सही कर आणि हे थांबव, असं मी तिला कितीदा म्हटलं. ती निरांजन विझू नये म्हणून पदर आडवा धरायची. एवढा हट्ट माणसाने करू नये, असं मला आजही वाटतं.

काही वर्षांनी काकू गेली. साधा ताप आला म्हणून झोपली ती उठली नाही. दिवस झाल्यावर थोरला भाऊ कागद घेऊन आला. आता काकूचा वाटा काका आणि त्यांची मुलगी यांच्याकडे होता आणि मुलगी म्हणाली, बाबा म्हणतील तसं. आम्ही सुटकेचा निःश्वास टाकला. वडिलांनी स्वतःचं पेन काढून काकांपुढे ठेवलं. काकांनी ते परत त्यांच्या हातात दिलं.

थोरल्याला कळेना. "भाऊजी, तुम्हीच तिला सही कर म्हणत होतात ना? त्या चिखलात तुम्हाला काय दिसतं?"

"मले काईच नाई दिसत," काका म्हणाले. "तिले दिसे."

थोरल्याने कागदाची घडी घातली. मी त्याला डेपोवर पोचवून आलो, तर काका काकूच्या फोटोपुढे बसून तिच्यावर ओरडत होते.

"माहे साळेही गेले तुह्यापायी. आता भांडू कोनाशी मी, सांग."

आणि तो आयुष्यभर तिच्यावर वैतागलेला माणूस लहान मुलासारखा रडू लागला.