सालाफाईची रंगीत तालीम

मातालोआ गावच्या शाळेतली संगणकाची खोली आज चालू आहे ती सालाफाईमुळे. मी त्या शाळेच्या समितीचा खजिनदार, आणि लवकरच या कामातून मोकळा होणार आहे. इतक्या वर्षांत समितीपुढे हात जोडून येणारे पुष्कळ पाहिले, आवाज चढवून येणारेही पाहिले. आधी स्वतःचं म्हणणं तपासून, मगच तोंड उघडणारी ती एकटीच.

सालाफाई याच गावची. तरुणपणी मावशीकडे ऑकलंडला गेली आणि शर्टांच्या कारखान्यात कॉलर शिवायला बसली. यंत्र बिघडलं की दुरुस्तीवाल्याची वाट पाहण्यापेक्षा स्वतःच झाकण उघडायची. पुढे कारखान्याने तिला दुरुस्तीवरच घेतलं, आणि संध्याकाळच्या वर्गाला जाऊन ती संगणकही शिकली. आई अंथरुणाला खिळली तेव्हा ती आमच्या या सवाईई बेटावर परत आली आणि इथेच राहिली. शाळेत संगणक शिकवू लागली. क्रिकेटमध्ये अजूनही बायकांच्या संघात पहिली उतरते. उंच, भारदस्त बाई. हसली की शेजारच्या वर्गाचा पाढा चुकतो. गावात तिला गर्विष्ठ म्हणतात. तिला कोणी तसं तोंडावर म्हटलं, तर ती म्हणते, "गर्व नसता तर मी अजून कॉलरच शिवत बसले असते."

शाळेतले संगणक न्यूझीलंडच्या एका शाळेने वापरून झाल्यावर बोटीने पाठवलेले. त्यांना चालवणारी प्रणाली, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम, इतकी जुनी झाली होती, की बनवणाऱ्यांनीच तिच्याकडे पाठ फिरवली होती. सुरू व्हायला तास लागायचा, आणि कोणाच्या तरी पेनड्राइव्हमधून आलेला व्हायरस सगळीकडे फिरत असायचा. यंत्रं चांगली होती. त्यांना हलकी, नवी प्रणाली हवी होती. सालाफाईला लिनक्सचा एक लहानसा प्रकार माहीत होता, फुकट मिळणारा. पण समितीने त्या यंत्रांना हात लावायला बंदी केली होती.

बंदीला कारण होतं. आदल्या वर्षी याच कामासाठी राजधानी आपियाहून एक तंत्रज्ञ बोलावला होता. बोट उशिरा आली, काम उशिरा सुरू झालं. पहिल्या यंत्रावरची जुनी प्रणाली पुसून नवी अर्ध्यावर आली आणि सांजप्रार्थनेची घंटा झाली. आमच्याकडे रिकाम्या गॅसच्या टाकीवर लोखंडी दांडा मारतात. पहिल्या घंटेला माणसं घराकडे वळतात. दुसरीपासून तिसरीपर्यंत गाव जागच्या जागी थांबतं. रस्त्यावर पहाऱ्याला उभी असलेली तरुण मंडळी खिडकीशी आली. आत यंत्र घरघरतंय, हे काही त्यांना पटेना. पाहुण्याने मुकाट्याने बटण दाबलं. प्रार्थनेनंतर तो संगणक उठला नाही. सालाफाई सांगत राहिली, की तो मेलेला नाही, फक्त आतून रिकामा आहे. पण दान आलेली वस्तू आपल्या हातून गेली, हे गावाला लागलं होतं.

आणि आता चर्चच्या बँडला ढोल नि तुताऱ्या ठेवायला खोली हवी होती. समितीचे प्रमुख माउगालेओ हे गावातले सर्वांत वडील मताई, म्हणजे घराण्याचे मुखत्यार. त्यांनी सरळ सांगितलं, की खोलीचा निकाल येत्या बैठकीत लागेल. यंत्रं गेली असती तर सालाफाईचा वर्गही गेला असता.

ती माउगालेओंच्या घरी गेली, तेव्हा मीही तिथे कोको पीत बसलो होतो. मुख्याध्यापक लाफाएलेही होते.

"आबा, कशालाच हात लावत नाही," ती म्हणाली. "माझ्या टेबलावरच्या संगणकाच्या आत दुसरा संगणक उभा करते. व्हर्च्युअल मशीन म्हणतात त्याला. थोडी मेमरी आणि डिस्कचा एक कोपरा काढून द्यायचा. नवी प्रणाली त्या आतल्यावर बसवायची. बिघडलं तर आतला पुसून टाकायचा. बाहेरच्याला पत्ता लागत नाही."

"म्हणजे खोटा संगणक."

"त्याला नाही तसं वाटत. तो स्वतःला खराच समजतो."

"असे दोघे समितीतही आहेत," माउगालेओ म्हणाले. लाफाएले छताकडे बघू लागले.

"मग तुम्हाला ओळख पटायला वेळ लागणार नाही. सगळ्यांसमोर बसवून दाखवते. पटलं तर बाकीच्या यंत्रांना हात लावू द्या, नाही तर ढोल आणा."

म्हातारबुवांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, "बैठकीच्या आदल्या दिवशी दाखव."

शाळेचं इंटरनेट रडतखडत चालतं, म्हणून ती बसने बोटीच्या धक्क्यावरच्या गावी जाऊन नव्या प्रणालीची फाइल उतरवून घेऊन आली. घरी स्वतःच्या यंत्रावर सगळं एकदा करून पाहिलं. शाळेच्या टेबलावरच्या संगणकात ती आतल्या संगणकाची सोयच मुळात बंद ठेवलेली निघाली. सुरुवातीच्या काळ्या पडद्यावरच्या सेटिंगमध्ये शिरून तिने ती चालू केली. समितीला तिने दुपारी बोलावलं होतं. पण त्याच दिवशी एका घराण्यात नव्या मताईला पदवी देण्याचा सोहळा होता, आणि आमची भाषणं काही घड्याळाला विचारून संपत नाहीत. समिती शाळेत पोचली तेव्हा सावल्या लांबल्या होत्या.

"उद्या सकाळी करू या का?" मी हळूच विचारलं.

"उद्या बैठक आहे, भाऊ. परवा ढोल."

तिने सुरुवात केली. पडद्यावर एक चौकट उघडली आणि त्या चौकटीत एक यंत्र जागं झालं. भाषा विचारली, कळफलक विचारला, कुठल्या गावची वेळ ते विचारलं. प्रत्येक प्रश्नाला ती आधी समितीकडे बघून तो वाचून दाखवायची, मग उत्तर द्यायची. माउगालेओ नाकाला पडदा लागेल इतके पुढे सरकले होते. फाइली उतरू लागल्या, निळी पट्टी सरकू लागली. ती निम्म्यापुढे गेली आणि बाहेर टाकीवर दांडा पडला.

सगळ्यांच्या मनात तोच मागच्या वर्षीचा संगणक होता.

"बंद कर," माउगालेओ म्हणाले.

"आबा, अर्ध्यावर आहे," लाफाएले म्हणाले. "मागच्या वेळी असंच..."

"मागच्या वेळीही देव हाच होता."

"बंद करते," सालाफाई म्हणाली. "पण बटण दाबून नाही. आहे त्या अवस्थेत याला निजवते." तिने मेनू उघडून, यंत्राची स्थिती जतन करायचा पर्याय निवडला. मी तिच्या शेजारीच होतो.

"हे आधी करून पाहिलंयस?"

"बसवून झालेल्यावर केलंय. बसवता बसवता कधी नाही."

"मग?"

"मग मनापासून प्रार्थना करा."

आतली चौकट मिटली. तिने बाहेरचा संगणकही रीतसर बंद केला आणि उठून भिंतीवरचं बटणसुद्धा खाली केलं. पंखा थांबला. दुसरी घंटा झाली. आम्ही तिथेच चटईवर मांडी घालून बसलो. स्तोत्र सुरू झालं. सालाफाईचा आवाज नेहमीसारखा खणखणीत होता, पण डोळे बंद पडद्यावर होते. प्रार्थना माउगालेओंनी सांगितली. त्यात पाऊस आला, तारोच्या कंदांचं पीक आलं, ऑकलंडला गेलेली सगळी लेकरं आली, नवा मताईही आला. यंत्र आलं नाही. तिसरी घंटा झाली तेव्हा माझ्या पायांना मुंग्या आल्या होत्या.

तिने दिवा लावला, संगणक सुरू केला. चौकट उघडली. आधी नुसता काळोख. मग तोच पडदा, तीच निळी पट्टी, तिथेच. पट्टी हलेना. लाफाएलेंनी तोंड उघडलं; सालाफाईने त्यांच्याकडे न बघता हात वर केला. आणि पट्टी पुढे सरकली.

माउगालेओंनी चौकटीच्या कोपऱ्यातल्या घड्याळाकडे बोट दाखवलं. "हे मागे आहे."

"निजला होता ना. त्याच्या हिशेबी अजून दुसरी घंटाच झालेली नाही."

"म्हणजे याला परत प्रार्थनेला बसवायला पाहिजे," ते म्हणाले. ती हसली, आणि खिडकीबाहेर उभी असलेली पहाऱ्याची पोरंही हसली.

पट्टी भरली. आतलं यंत्र बंद होऊन नव्या प्रणालीसह उठलं. सुरू व्हायला जुन्याच्या पासंगालाही न पुरणारा वेळ लागला. समितीतल्या एकेकाने माऊस हातात घेऊन पाहिला. मग माउगालेओंनी खरा प्रश्न विचारला.

"बाकीची यंत्रं. त्यांनाही असंच मधे निजवता येईल?"

हो म्हटलं असतं तरी तिथे कोणाला कळणार नव्हतं.

"नाही, आबा. ती खरी आहेत. मधे तोडलं तर मागच्या वेळेसारखंच होईल. पण काम कसं होतं ते आता तुम्ही पाहिलंत. वेळही मी बघून ठेवलाय, तुमची प्रार्थना वजा करून. जुनी यंत्रं म्हणून दुप्पट धरते. शनिवारी सकाळी लागले तर दुपारच्या जेवणाला हात धुवून बसते."

"आणि नाही झालं तर?"

"होईल."

म्हातारबुवांनी तिच्याकडे पाहिलं. "गावात गर्विष्ठ म्हणतात ते उगाच नाही," ते म्हणाले. मग लाफाएलेंकडे वळले. "बँडवाल्यांना निरोप द्या. ढोल चर्चच्या ओसरीत ठेवा म्हणावं."

शनिवारी सकाळी ती खोली उघडायला आली, तेव्हा माउगालेओ पायरीवर येऊन बसलेले होते. पहिल्या यंत्रापुढची खुर्ची त्यांनी मागून घेतली. प्रणालीने मालकाचं नाव विचारलं.

"माझं घाल," ते म्हणाले. "पदवीसकट. घराण्याच्या मानाच्या शब्दांसकट."

सालाफाईने टाइप करून दाखवलं. "आबा, जागा सोडून लिहिलेलं घेत नाही. आणि एवढं मावतही नाही."

"मग काय, घराणं कापायचं?"

"मी कुठे कापते? शाळेचं नाव घालू या."

"शाळेचं नको. उद्या काही अडलं, तर शाळा येणार आहे का दुरुस्तीला?" त्यांनी खुर्ची मागे सरकवली आणि तिला पुढे केलं. "तुझं घाल. छोटं आहे, मावेल."

तिने घातलं. मग पुढच्या यंत्रावर, त्याच्या पुढच्यावर, भिंतीपर्यंत. दुपारी आम्ही वेळेवर जेवलो. आता सकाळी मुलं बटण दाबतात, तेव्हा प्रत्येक पडदा उजळतो आणि सगळ्यांत आधी तिचं नाव दाखवतो.