घाणेरी आणि ऊन

लग्न होऊन हिंदी मुलखात, पनागरला आले तेव्हा मी बॉटनीची बी.एस्सी. होते, आणि हे घरात कुणी विसरू नये याची रोज काळजी घेत असे. कुंपणाला घाणेरी लावली तीही मीच. एकाच गुच्छात पिवळी, केशरी, गुलाबी फुलं!

"काहून लावून राहिली हे?" सासूबाई म्हणाल्या. "जनावर तोंड लावत नाही त्याला."

मी त्यांना त्याचं लॅटिन नाव ऐकवलं. बिचाऱ्या शेण काढायला गोठ्यात गेल्या.

उन्हाळा सरता सरता वैरण संपत आली. कुंपण छाटलं, तर एवढी हिरवी पानं फेकवेनात. बी.एस्सी. बाईसाहेबांनी, म्हणजे मीच, ती बारीक चिरली, भुशात कालवली, वर गुळाचं पाणी शिंपडलं आणि आमच्या काळ्या-पांढऱ्या कबऱ्या गाईपुढे ठेवली. गाय गाभण होती. तिनं गव्हाण चाटून साफ केली. मी दिवसभर स्वतःवर खूश.

चार दिवसांत तिनं खाणं सोडलं. डोळे पिवळे पडले. मग कातडी सोलवटू लागली, पण फक्त पांढऱ्या भागाची. शेजारच्या काळ्यावर ओरखडासुद्धा नाही.

"बहूजी, विष पत्तों का है," जनावरांचे डॉक्टर म्हणाले, "पर जला रही है धूप."

पानांनी लिव्हर बिघडलं, चाऱ्यातल्या हिरव्या रंगाचा अंश रक्तात साचला, आणि आता ऊन पडलं की पांढरी कातडी भाजत होती. काळी तेवढी ऊन अडवत होती. तीन वर्षं मी पान आणि प्रकाश यांचं नातं घोकलं होतं. ते असं जिवंत पाठीवर उमटलेलं बघून मी हात जोडले, कुणाला ते मलाही कळलं नाही.

"वाचेल ना?"

"अंधेरे में रखिए. फिर देखते हैं."

गोठ्याला पोती बांधली, माझ्या रुखवतातली सतरंजीसुद्धा. त्या काळोखात सासूबाई एकदाच बोलल्या, "उभ्या झुडपाला तिनं कधी नाक लावलं नाही. तुझ्या हातचं म्हणून खाल्लं तिनं."

तीन आठवड्यांनी, सूर्य बुडाल्यावर, तिला बाहेर काढलं. नवी कातडी गुलाबी होती आणि पोटात वासरू हलत होतं. सासूबाईंनी दुर्वांची पेंढी माझ्या हातात दिली. "दे. तूच दे."

गाईनं पेंढी हुंगली. मग माझी बोटं हुंगली, मनगट हुंगलं, पुन्हा पेंढी. इतका वेळ तिनं याआधी कधी लावला नव्हता. बी.एस्सी. बाई श्वास रोखून उभ्या.

मग तिनं एक काडी ओढली.