पट्टी काढून डोळे लावलेला सैनिक

कम्युनिटीतल्या मंडळींनो, आज दुपारी पंचवटीतल्या एका स्टुडिओत माझं डोकंच फिरलं.

युद्धात पळ काढल्याच्या आरोपावरून स्वतःच्याच सैन्याने गोळ्या घातलेल्या सैनिकांचे जुने फोटो मी चार वर्षं शोधतोय. आमच्या मंडळाच्या प्रदर्शनासाठी त्यातला एक मोठा करायला टाकला होता. खांबाला बांधलेला सैनिक, डोळ्यांवर पट्टी, समोर बंदुका रोखलेले त्याच्याच पलटणीतले जवान.

हातात आला तर पट्टी गायब! तिथे चक्क दोन टपोरे डोळे.

स्टुडिओवाले काका म्हणाले, "सर, दशक्रियेच्या फोटोत मिटलेले डोळे आम्ही उघडूनच देतो. म्हटलं, याचेही उघडू."

त्यांचं सोडा, त्यांनी मायेने केलं. पण सोबत आलेले आमचे अध्यक्ष खूश!

"आता कसा शहीद वाटतो! ते बंदूकवालेही पुसून टाका. खाली लिहा, शत्रूने मारलं."

मी मूळ फोटो उचलला आणि बाहेर पडलो.

मारणारे निदान तोंड न लपवता फोटोत उभे होते. ह्या गृहस्थांना मात्र नुसतं बघायचीही हिंमत नाही, आणि म्हणे देशप्रेम!

रविवारी प्रदर्शनाची फीत हेच कापणार आहेत. तुम्ही टाळ्या वाजवणार?